वाळतं जाळं की पाण्यातलं?

"डाव्या डोळ्याचं मधलं दिसणं आता परत येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उजव्या डोळ्यात पाणी साचायला नुकतीच सुरुवात झालीय. तो डोळा वाचू शकतो. पण थांबायचं नाही. एक आठवडासुद्धा नाही."

चंद्रपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातली आतली खोली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर करड्या रंगाचे थर एकावर एक, शेताचा धुरा, म्हणजे बांध, खोदल्यावर माती दिसते तसे, आणि मधोमध एक काळा फुगा. मोठेबाबा खुर्चीत ताठ बसलेले. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातल्यामुळं त्यांना पडदा धड दिसत नव्हता, पण ऐकू चांगलं येतं.

"पानी?" ते म्हणाले. "पानी असन त आमचाच काम आहे, बाई. सांगा, कुठून काढाचा?"

डॉक्टरबाई हसल्या. मी हसले नाही. मला राग आला होता, आणि तो कोणावर काढायचा तेच ठरत नव्हतं. रागावणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळं असं अडायला सहसा होत नाही.

मोठेबाबा, गावासाठी श्रावणभाऊ, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सिंदेवाही आणि मूल यांच्या मधल्या एका तलावाच्या गावात आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून आहेत. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून लहानपणापासून माझं अर्धं जेवण त्यांच्या चुलीवरचं. तरुणपणी त्यांनी तलावात जाळं फेकलं. आता गुडघे दुखतात म्हणून जाळी विणतात. गावच्या तलावात आणि आसपासच्या बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, जी जाळी पडतात ती बहुतेक त्यांच्या हातची. डावा डोळा गेला होता. उजवा गेला असता तर विणणं गेलं असतं, आणि न विणणारे मोठेबाबा मी कधी पाहिलेले नाहीत.

मी पत्रकं लिहिते. तलावाच्या ठेक्यावर, रेशनवर, बंद झालेल्या बसफेरीवर. मोठे शब्द, मोठा टाईप, शेवटी उद्गारचिन्ह. मोठेबाबांना वाचता येत नाही, पण मला हाक मारतात ती "पत्रकवाली" म्हणूनच. हेही पत्रकच समजा. फक्त यात मागणी कुणा साहेबाकडं नाही, तुमच्याकडं आहे. तुमच्या घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आजाराचं नाव एज-रिलेटेड मॅक्युलर डिजनरेशन. नाव लांब आहे, गोष्ट सोपी आहे. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला रेटिना नावाचा पडदा असतो. त्या पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाची एवढीशी जागा. चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, जाळ्याची गाठ मारणं, सगळं त्या जागेच्या जिवावर. वयाबरोबर ती जागा खराब होते. कोरडा प्रकार हळूहळू चालतो. ओल्या प्रकारात पडद्याखाली नको तिथं नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि पाझरतात. मग दिवसांत, आठवड्यांत नुकसान होतं.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट ही की बाजूचं दिसणं शाबूत राहतं. माणूस ठेचकाळत नाही, भिंतीला आपटत नाही. मोठेबाबा तलावाच्या पाळीवरून भरभर चालायचे, आणि मी समोर उभी राहिले की विचारायचे, "कोन वो?" आम्हाला वाटायचं, चेष्टा करतात. चेष्टा करायची त्यांना सवय आहेच.

आता खांबाची गोष्ट सांगते. लाज वाटते, पण सांगते.

दवाखान्यात जायच्या तीनेक आठवडे आधी मोठेबाबा दारात उभे राहून म्हणाले, "पत्रकवाली, समोरचा पोल पाह्य. मधातून वाकून राह्यला. पोट आलं त्याले. एखाद्या रोजी पडन कोनाच्या डोक्यावर."

मी खांबाकडं पाहिलंसुद्धा नाही. माणूस म्हणतो वाकला, म्हणजे वाकला. तासाभरात अर्ज तयार. "सदर विद्युत खांब धोकादायकरीत्या वाकलेला असून, जीवितहानी झाल्यास जबाबदार कोण?" ऑफिसात जाऊन पोच घेतली. टेबलावर हातसुद्धा आपटला, खोटं कशाला सांगू.

लाईनमन दुसऱ्याच दिवशी आला. सज्जन माणूस. त्यानं दोऱ्याला नट बांधून खांबाच्या बाजूला ओळंबा सोडला. दोरा आणि खांब, दोन्ही एकदम सरळ.

"काकाजी, पोल त सिधा आहे," तो म्हणाला. "सकाळी सकाळी मोहाची घेतली का?"

"मोहाची घेतली असती त दोन पोल दिसले असते बे," मोठेबाबा म्हणाले. "मले एकच दिसून राह्यला, पन वाकडा."

सगळी आळी हसली. मोठेबाबा हसले, लाईनमन हसला. मी तेवढी त्याच्याशी दहा मिनिटं भांडले, की तुम्ही म्हणाल तोच सरळ का? सरळ खांब वाकडा दिसतो तर वाकडं नेमकं काय झालंय, हे विचारायची अक्कल आमच्यापैकी एकालाही नव्हती. मला तर नव्हतीच. मी अर्ज लिहिण्यात गुंतले होते.

लिहून ठेवा: सरळ वस्तू मध्येच वाकडी किंवा लाटेसारखी दिसणं, ही या आजाराची पहिली खूण. दाराची चौकट, खांब, खिडकीचे गज. म्हातारं माणूस असं बोललं तर खांब तपासू नका. माणूस तपासा.

नंतर मोठीमायनं पकडलं. मोठीमाय म्हणजे मोठेबाबांची बायको. बोलायला लागली की तलावापलीकडच्या गावात ऐकू जाते. नवं जाळं झटकताना तिनं त्यात पंजा घातला तर आरपार गेला. विणताना एक गाठ चुकली होती. जाळ्याच्या एकेका चौकोनाला मोठेबाबा घर म्हणतात. दोन घरांचं एक झालं होतं. पुढं अजून तसंच. त्यांच्या हयातीत असं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"हे पाहा, कारागीर!" मोठीमाय म्हणाली. "तुमच्या जाऱ्यातून आता मासोरी नाई, हत्ती निंगन!"

मोठेबाबा या वेळी हसले नाहीत. त्यांनी जाळं हातात घेतलं, बोटांनी ती जागा चाचपली, आणि घडी करून कोपऱ्यात ठेवलं. मग मला म्हणाले, "मले डोरे दाखवाले घेऊन चाल."

आमच्या झाडीपट्टीत जुन्या माणसांच्या तोंडी ळ नसतो, त्याचा र होतो. डोळा म्हणजे डोरा, जाळं म्हणजे जारा. पुढं उपयोगी पडेल म्हणून सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी, मूलवरून चंद्रपूर. दवाखान्याच्या बाकावर जागा मिळाली ती एका ऊर्जानगरच्या निवृत्त काकांशेजारी. त्यांनी मोठेबाबांना पाच मिनिटांत सगळा दवाखाना समजावून सांगितला: कुठं थेंब घालतात, कुठं फोटो काढतात, कॅन्टीनचा कोणता वडा घेऊ नये. त्यांनाही हाच आजार. उपचाराच्या दुसऱ्या वर्षात होते आणि पेपर वाचत होते. माझी छाती तिथंच अर्धी हलकी झाली.

पहिली तपासणी व्हिज्युअल ॲक्युइटीची, म्हणजे किती बारीक दिसतं त्याची. अक्षर न येणाऱ्यांसाठी तक्ता वेगळा असतो. त्यात फक्त इंग्रजी ई, वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेला, खाली खाली लहान होत गेलेला. तपासणाऱ्या ताईंनी विचारलं, "बाबा, याचे दात कुठल्या बाजूला?"

"उगवतीकडे."

"कुठं?"

"उगवतीकडे वो. अन् हा खालचा बुडतीकडे."

ताई पेन धरून थांबल्या. बंद खोली, ट्यूबलाईट, एसी. उगवत कुठं आणि मावळत कुठं, हे त्यांनाही सांगता येईना, मलाही नाही. मोठेबाबांना मात्र एसटीतून उतरल्यापासून पक्कं ठाऊक होतं. शेवटी ताईंनी बाहेर जाऊन सूर्य पाहिला, परत आल्या आणि तक्त्याच्या एका अंगाला पेन्सिलीनं 'उगवत' लिहिलं. पुढची तपासणी सुतासारखी झाली. डोकं वापरणारी माणसं सगळीकडं असतात, हे मी सहसा माझ्या पत्रकात लिहीत नाही. आज लिहिते.

उजव्या डोळ्यानं ते निम्म्या तक्त्यापर्यंत पोचले. उजवा झाकून डाव्यानं पाहायला सांगितलं, तेव्हा त्यांनी मान तिरकी केली, आणि तिरकीच ठेवून सर्वात वरचा एकच ई कसाबसा ओळखला. ताईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. डोळ्याचा मधला भाग गेला की माणूस आपोआप कडेनं पाहायला शिकतो, हे मला नंतर कळलं. कोंबडी पाहते तसं, असं मोठीमाय म्हणायची आणि आम्ही हसायचो.

दुसरी तपासणी ॲम्सलर ग्रिड. हातात मावेल एवढं कार्ड, त्यावर उभ्या-आडव्या रेघांचे चौकोन, मधोमध काळा ठिपका. एकेक डोळा झाकायचा, ठिपक्याकडं पाहायचं, रेघा कशा दिसतात सांगायचं. मशीन नाही, सुई नाही, तरी मोठी कामाची.

"उजव्या डोळ्यानं बघा. रेघा ठीक दिसतात?"

"एकदम बरोबर."

"काही बिघडलेलं?"

"काई नाई. जशा पाह्यजे तशा."

ताईंनी कागदावर 'नॉर्मल' लिहिलं आणि आम्हाला पुढं पाठवलं.

मग थेंब, मग अर्धा तास डोळे मिटून बसणं, मग ओसीटी. ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी. हनुवटी टेकवायची, हिरव्या खुणेकडं पाहायचं. उजेडाच्या मदतीनं रेटिनाचा आडवा छेद दिसतो. डोळ्याला काही लागत नाही. तो काळा फुगा दिसला तो याच फोटोत. डॉक्टरबाई फोटो पाहायच्या, ताईंचा कागद पाहायच्या, पुन्हा फोटो.

"एवढं पाणी असताना रेघा सरळ दिसणं शक्य नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी तेच कार्ड पुन्हा मोठेबाबांच्या हाती दिलं. थेंबांमुळं जवळचं धूसर झालं होतं म्हणून वरून एक भिंग लावून दिलं. "बाबा, बरोबर आहे की चूक, ते सांगू नका. कसं दिसतं ते सांगा."

"पान्यातल्या जाऱ्यावानी."

"म्हणजे कसं?"

"म्हंजे मधात वाकली. पोटाशी आली. जारा पान्यात गेला का वाकतेच ना, बाई! पान्यात ताठ राह्यते तो जारा मासा काय धरन?"

मग डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला आणि हसायला लागल्या.

कार्ड हातात पडल्याबरोबर मोठेबाबांनी त्याला जाळं मानलं होतं. आणि चांगलं जाळं वाकतं. म्हणून बरोबर. साठ वर्षं पाण्यात जाळं पाहिलेल्या माणसाला तुम्ही 'ठीक आहे का' विचारलं, त्यानं ठीक आहे सांगितलं. खोटं काही नव्हतं. प्रश्न चुकीचा होता.

डॉक्टरबाईंनी प्रश्न बदलला. "बाबा, हे जाळं वाळत घातल्यासारखं दिसतं, की पाण्यात टाकल्यासारखं?"

"आता कसं बोल्ल्या! पान्यातला. अन् वाकला कुठी ते सांगू का? ठिपक्यापासून बुडतीकडे तिसरा घर, तिथून पाचव्यापर्यंत. खाली दोन घर. तिथी एक गाठ दिसतच नाई."

डॉक्टरबाईंनी कार्डावर पेन्सिलीनं तेवढी घरं रंगवली आणि ओसीटीचा नकाशा शेजारी धरला. मोठेबाबांनी दाखवलेली जागा आणि मशीननं दाखवलेलं पाणी यांचा मेळ इतका बसला, की त्यांनी बाहेरून ताईंना बोलावून दाखवलं.

"मशीनवाली बाई हुशार आहे," मोठेबाबा म्हणाले. "माह्यासारखीच मोजते."

त्यानंतर, हसू ओसरल्यावर, तो प्रश्न आला. "डाव्या डोळ्याला कधीपासून कमी दिसतं?"

"दोन सालापासून."

"मग दाखवला का नाही?"

"मोतीबिंदू असन समजलो. पत्रकात होतं का घाई नाई."

माझ्याकडं पाहून ते बोलले नाहीत. नुसतं सांगितलं, पाऊस कधी पडला ते सांगावं तसं. पण पत्रक माझं होतं. तालुक्यात डोळ्यांचं शिबिर होणार होतं, त्याचं मी लिहिलेलं. "म्हातारपणी धूसर दिसतंय? मोतीबिंदू! घाबरू नका, घाई नाही, आपल्या गावाच्या शिबिराची वाट पाहा!" तीन वाक्यांत तीन उद्गार. आणि त्यांना वाचता येत नाही म्हणून ते मीच ओसरीत बसून मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

मोतीबिंदूत डोळ्यातली काच गढूळ होते. ती बदलता येते, थोडं थांबलं तरी चालतं. मॅक्युलाचं तसं नाही. तिथं व्रण धरला की संपलं. हा फरक मला माहीत नव्हता, आणि माहीत नसताना मी ठणकावून लिहिलं. मघाशी म्हटलं ना, राग कोणावर काढायचा ते ठरत नव्हतं. ते तिथं ठरलं.

बाहेर आल्यावर मी काही बोलायच्या आत मोठेबाबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "रडू नोको. एक डोरा गेला त गेला. दुसऱ्यासाठी भांड. तुले भांडाले येते ना?"

त्याच दुपारी फ्लुरेसिन अँजिओग्राफी झाली. हाताच्या शिरेतून पिवळं औषध सोडतात आणि ते डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांतून जाताना फोटो काढतात. कुठून पाझरतंय ते कळतं. नंतर एखादा दिवस अंग पिवळट दिसतं, लघवी नारिंगी होते, घाबरायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी मला नीट सांगितलं. ते घरी सांगायचं राहिलं माझ्याकडून. संध्याकाळी मोठीमायनं दारातच मोठेबाबांना पाहिलं आणि आळी डोक्यावर घेतली.

"कावीर झाली वो माय! डोरे दाखवाले नेले अन् कावीर घेऊन आले!"

आम्ही खुलासा करेपर्यंत शेजारणींनी झाडपाल्याची तीन वेगवेगळी औषधं सांगून टाकली होती. मोठेबाबा ओसरीत बसून सगळ्यांना हात दाखवत होते. "पाहा, हळदीचा नवरदेव. लगन लावा कोनी."

इंजेक्शन दोन दिवसांनी. डोळ्यात सुई, हे ऐकून तुम्ही घाबराल, मीही घाबरले होते. आधी थेंबांनी डोळा बधिर करतात. चेहऱ्यावर कापड, त्याला डोळ्यापुरतं भोक. सुई अगदी बारीक. औषध त्या पाझरणाऱ्या रक्तवाहिन्यांना आवरतं. मोठेबाबांनी आत जाण्याआधी एकच विचारलं, सुई त्यांच्या विणायच्या सुईपेक्षा लहान आहे का. डॉक्टरबाईंनी दाखवली. "हट्! ह्याले सुई म्हन्ते?" म्हणून ते स्वतःच टेबलाकडं चालू लागले.

पाच मिनिटांत बाहेर. "डोर्‍यापुढे कारे कारे गोल तरंगून राह्यले," ते म्हणाले, "मासोरीची अंडी असल्यावानी." ते औषधासोबत गेलेले हवेचे बुडबुडे असतात, एक-दोन दिवसांत जातात. मात्र दुखणं, लाली किंवा अंधारी वाढत गेली तर त्याच दिवशी दवाखान्यात परत यायचं, हे डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांकडून म्हणून घेतलं. एकदा नाही, दोनदा.

तीन महिने, तीन इंजेक्शनं. प्रत्येक वेळी तोच तक्ता, तेच कार्ड, तोच ओसीटी. उगवत लिहिलेली पेन्सिल पुसट झाली तशी ताईंनी पेनानं गिरवली. मोठेबाबांनी बिडी सोडली, कारण डॉक्टरबाईंनी सांगितलं की धुरानं हा आजार वाढतो. पहिला आठवडा मोठीमायवर ओरडण्यात गेला. मोठीमायनं सव्याज परत केलं.

आणि तिसऱ्या इंजेक्शननंतरची ती सकाळ. मी त्यांच्या ओसरीत चहा घेऊन बसले होते. मोठेबाबांनी चष्मा पुसून घातला, माझ्याकडं रोखून पाहिलं.

"पत्रकवाली."

"काय?"

"तुया नाकावर फोड आहे."

मी कप खाली ठेवला. कितीतरी दिवसांत त्यांनी माझ्या चेहऱ्यावरचं काहीच पाहिलं नव्हतं. इतका सुंदर फोड माझ्या आयुष्यात दुसरा आलेला नाही. मी रडले, मग हसले, मग मोठीमायला हाक मारली, तर ती चुलीपासूनच म्हणाली, "मले त कवाचा दिसून राह्यला!"

त्या खेपेला ओसीटीत काळा फुगा नव्हता. थर सपाट. "बोडी आटली," मोठेबाबा म्हणाले. डॉक्टरबाईंनी बजावलं की आजार झोपलाय, गेला नाही. तपासणी चालूच राहणार, लागेल तेव्हा इंजेक्शन लागणार. डावा डोळा तसाच आहे. तो कडेनं पाहतो, कोंबडीसारखा. पण उजव्यानं मोठेबाबा पुन्हा विणतात. हळू, आणि दर दहा गाठींनंतर बोटानं चाचपून.

घरी रोज तपासायला कार्ड दिलं होतं. ते त्यांना पटेना. "कागदाचा जारा." म्हणून त्यांनी पांढऱ्या दोऱ्याचं एक लहान जाळं विणलं, बांबूच्या चौकटीवर ताणून बांधलं, मधोमध काळ्या दोऱ्याची एक गाठ मारली, आणि ओसरीच्या पांढऱ्या भिंतीवर टांगलं. रोज सकाळी चष्मा लावून, हातभर अंतरावरून, एकेक डोळा झाकून पाहायचं. वाळतं की पाण्यातलं? येणारा-जाणाराही थांबून पाहायला लागला. एके दिवशी शेवंताबाई आल्या. बुद्धविहाराजवळ राहतात, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, शब्दाच्या पक्क्या. डावा डोळा झाकला: वाळतं. उजवा झाकला आणि म्हणाल्या, "श्रावणभाऊ, ह्या अंगानं तुमचा जारा ओला आहे." दुसऱ्या दिवशी मी त्यांना चंद्रपूरला नेलं. त्यांचा आजार वेळेत सापडला, दोन्ही डोळे वाचले. दोन्ही.

डॉक्टरबाई आता तलावाकडच्या प्रत्येक माणसाला तोच प्रश्न विचारतात. वाळतं की पाण्यातलं?

एवढं झाल्यावर मी पत्रक काढणार नाही, असं होईल का? या वेळी डॉक्टरबाईंकडून शब्दन् शब्द तपासून घेतला. एकच उद्गारचिन्ह. मागच्या पानावर चौकोनांचं ते जाळं, मधोमध ठिपका. कार्डाची झेरॉक्स काढून मूलच्या प्रेसमध्ये दिली, गठ्ठे घेऊन आले, आणि पहिली प्रत मोठेबाबांच्या हातात ठेवली.

त्यांनी डावा डोळा तळव्यानं झाकला. पाहिलं. कागद थोडा लांब धरला, पुन्हा पाहिलं.

"वाकडा आहे."

"कुठं?" मी विचारलं.

"खालून तिसरी रेघ. उगवतीच्या अंगानं लोंबली. पान्यातला."

आजार उठला. मोठीमायनं जाऊन भाकरी फडक्यात बांधली. पुढच्या एसटीत आम्ही होतो. मोठेबाबा खिडकीतून पळसाची झाडं पाहत होते आणि मी त्यांच्याकडं. रस्त्यात ते मला म्हणाले, "मले त काई फरक नाई वाटत वो." मी म्हटलं, तुम्ही बोलू नका.

तक्ता: मागच्या वेळेएवढाच. ओसीटी: कोरडा ठणठणीत. डॉक्टरबाईंनी दवाखान्याचं कार्ड दिलं.

"वारता आहे," मोठेबाबा म्हणाले. म्हणजे वाळतं.

"मग वाकडं कुठं दिसलं?"

मी पत्रक पुढं केलं. डॉक्टरबाईंनी एकदा पाहिलं, ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढली आणि खालून तिसऱ्या रेघेवर ठेवली. उगवतीच्या अंगानं रेघ पट्टीच्या खाली लोंबली होती. चांगली तांदळाच्या दाण्याएवढी. झेरॉक्स काढताना कार्डाचा कोपरा दुमडला होता. गठ्ठ्यातल्या प्रत्येक पत्रकावर ती तशीच.

"डोरा सिधा आहे," मोठेबाबा म्हणाले, आणि हे त्यांनी बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं. "पत्रक वाकडा आहे!"

ताई हसल्या, डॉक्टरबाई हसल्या, दारातून ऊर्जानगरचे काका डोकावले आणि काही कळायच्या आधीच हसले. आणि मीही हसले, त्या खोलीत पहिल्यांदा. खांब होता तेव्हा मी खांबावर शंका घेतली, माणसाकडं पाहिलं नाही. पत्रक आलं तेव्हा माणसावर शंका घेतली, पत्रकाकडं पाहिलं नाही. पत्रक माझं होतं ना! ते वाकडं असेलच कसं?

परतताना मी म्हटलं, सगळे गठ्ठे चुलीत घालते.

"काऊन? राहू दे," मोठेबाबा म्हणाले. "वाट गावात. अन् ज्याले ज्याले ही रेघ सिधी दिसन, त्याले धरून दवाखान्यात आन."

गठ्ठे मी जाळलेच. नवं पत्रक पट्टी लावून छापलं. तेच आज तुमच्या हातात यावं, असं वाटतं. डॉक्टरबाई, ताई, जाळ्यात पंजा घालून चूक पकडणारी मोठीमाय, आणि ओळंबा सोडणारा तो लाईनमन, ज्याची मला अजून माफी मागायची आहे: या सगळ्यांचे उपकार आहेत. लाईनमनदादा, वाचत असाल तर खांब सरळ होता. मान्य.

आता माझं कुठलंही पत्रक, मग ते तलावाच्या ठेक्यावर असो की बसवर, छापायला जायच्या आधी मी ओसरीत नेते. मोठेबाबा सुई खाली ठेवतात, डावा डोळा झाकतात, आणि एक अक्षर वाचता येत नसताना वरपासून खालपर्यंत अख्खा कागद पाहतात.

"कसं आहे?" मी विचारते.

"वारता आहे," ते म्हणतात. "जाऊ दे."